सूचना : ऑनलाइन कार्ड पेमेंटची नोंदणी, रविवारी

सर्व सभासद दुकानदारांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या कार्यालयात पेमेंट गेटवेची (गिऱ्हाइकाचे कार्डाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या सेवेची) नोंदणी एकत्र बसून करू. सोबत आणा :

– पॅन आणि आधार कार्ड
– चालू खात्याचा रद्द केलेला चेक
– दुकानाचा परवाना किंवा जीएसटी प्रमाणपत्र
– आधारला जोडलेला मोबाईल (घरी विसरू नका, ओटीपी त्यावरच येतो)

वेबसाइट नसली तरी अडत नाही. चकलीच्या डब्याची ऑर्डर आली की व्हॉट्सअ‍ॅपवर पेमेंट लिंक पाठवायची, गिऱ्हाईक तिथेच कार्डाने पैसे भरतं.

एक कळकळीची विनंती : गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर वहीत उतरवून ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना तो साठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ओटीपी तर फोनवर विचारूच नका.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत चिटणिसांना नाव कळवावे.