झालं काय न्हाई? आमच्या पिग्मीमामांना पत्र

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

रोज दारोदार फिरून पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, पतसंस्थेसाठी गोळा करणारे एजंट तुम्ही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि बेळगावात रविवार पेठेपासून खडेबाजारापर्यंत तुम्हाला ओळखणाऱ्यांना नावाची गरजही नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्याकडून मी जे शिकले ते माझ्यासारखं काम करणाऱ्या पोरापोरींच्या कानावर जावं, असं फार वाटतं.

पहिल्या दिवशी कडोलकर गल्लीच्या कोपऱ्यावर चहा घेताना तुम्ही विचारलंत, "तू काय काम करतीस गे पोरी?" मी सांगितलं, मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, त्यावर कोणता शब्द लिहावा, बोट लागल्यावर पुढं काय व्हावं, चुकलं तर माघारी कसं यावं, हे ठरवायचं काम. यूएक्स डिझाइन म्हणतात त्याला. तुम्ही कप खाली ठेवलात. "मग त्यात चुकलं तर तुझं नाव कुठं येतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. पासबुकावर शिक्का असतो, औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरची सही असते, तुमच्या पिग्मी कार्डावर रोजच्या रकमेपुढं रोज तुमची सही असते. पडद्यावर कुणाचीच सही नसते.

'यूजर एक्सपीरियन्स' हे शब्द डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनीत असताना रूढ केले. वस्तूची रचनाच चुकलेली असली तरी वापरणारा माणूस दोष स्वतःला देतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शिकताना हे मी पाठ केलं होतं. ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते तुमच्या डायरीच्या शेवटच्या पानावर पाहिलं.

आपल्या गावातल्या एका पतसंस्थेसाठी आम्ही पिग्मीचं ॲप केलं होतं. ते एजंटांच्या हाती देण्याआधी टिळकवाडीतल्या ऑफिसात बसून पाच जणांकडून वापरून बघितलं. पाच माणसांच्या चाचणीत बहुतेक मोठ्या चुका सापडतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन सांगतात आणि आमच्या धंद्यात ते सगळे मानतात. पण आमचे पाचही जण तिशीच्या आतले, खुर्चीवर बसलेले, डोक्यावर पंखा, वायफाय जोरात, दोन्ही हात मोकळे. त्यांना एकही अडचण आली नाही. आम्ही खूष झालो. पुढं जूनमध्ये संस्थेनं सांगितलं की एजंट लोक ॲप नीट वापरत नाहीत, जरा जाऊन शिकवा. शिकवायला म्हणून मी तुमच्या मागं निघाले आणि अकरा दिवस तुमच्याबरोबर हिंडले.

पिग्मी ही आमच्या घरची जुनी ओळख. वडगावात आमची आजी मागावर बसायची, आणि तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी पिग्मीचं कार्ड असायचं. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ही पद्धत सुरू केली, रोज दोन आणे, तेही दारात येऊन घ्यायचे. आणि ती बँक १९२५ मध्ये उभी राहिली तीच अडचणीत सापडलेल्या विणकरांना हात द्यायला, हे मला फार उशिरा कळलं. शंभर वर्षं होत आली, पण व्यवहार तोच आहे. एक माणूस रोज दारात येतो, घरातला दुसरा त्याच्या हातात पैसे ठेवतो, आणि दोघांच्या मध्ये एक नोंद असते. ती नोंद आम्ही कार्डावरून पडद्यावर आणली तेव्हा केवढी जोखीम हातात घेतली, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

तुमच्याबरोबर फिरताना एकेक दिसायला लागलं. बेळगावचा पाऊस, एका हातात छत्री, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. पिशवीवर थेंब पडला की पडदा त्यालाच बोट समजायचा. ऊन पडलं तर आमची फिकट करडी अक्षरं दिसायचीच नाहीत. साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, असा वेबच्या सुलभतेचा जगभरचा दंडक आहे. आमच्या अक्षरांनी तो पाळला नव्हता, कारण ऑफिसात ती छान दिसत होती. 'जमा' आणि 'रद्द' ही बटणं इतकी लागून होती की तुमचा अंगठा दोन्हीवर बसायचा. बटण निदान नऊ मिलिमीटरचं तरी असावं, हे मला माहीत होतं. माहीत असून जागा वाचवली होती.

आणि ती यादी! आम्ही खातेदार खाते नंबराप्रमाणं लावले होते. तुम्ही मात्र दर दुकानापाशी ॲप बाजूला ठेवून डायरी उघडायचात. मला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. चौथ्या दिवशी डायरी हातात घेतली तेव्हा कळलं की त्यातली नावं फेरीच्या क्रमानं आहेत. आधी मारुती गल्लीतला शिंपी, मग त्याच्या समोरचा, मग जिना चढून वरची मेसवाली वैनी. कुणाचं दुकान सोमवारी बंद, कोण दुपारी दोननंतरच पैसे देतं, तेही नावापुढं खुणेनं लिहिलेलं. आम्ही सहा महिने बैठका घेऊन जी यादी केली त्यापेक्षा तुमची डायरी कितीतरी सरस होती. आता ॲपमधली यादी तुमच्या फेरीप्रमाणं लागते, आणि दुकान हललं तर बोटानं नाव सरकवता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती लिहिते.

सातवा दिवस. तळघरातलं कापड दुकान. मालकानं दोनशे रुपये दिले, तुम्ही रक्कम घातलीत, बटण दाबलंत. खाली रेंज नव्हती. पडद्यावर चकती गोल गोल फिरायला लागली आणि फिरतच राहिली. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "झालं काय न्हाई? नुसतं फिरूलंय." मी काही बोलायच्या आत, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून, तुम्ही पुन्हा बटण दाबलंत. वर रस्त्यावर आलो तेव्हा फोन दोनदा थरथरला. दोनशेच्या दोन नोंदी.

मी म्हटलं, मामा, एक नोंद रद्द करून घेऊ. तुम्ही म्हणालात, राहू दे, माझंच चुकलं, मीच दोनदा दाबलं.

संध्याकाळी संस्थेच्या काउंटरवर हिशेब लागताना ॲपचा आकडा आणि पिशवीतली रोकड यात दोनशेचा फरक आला. तुम्ही खिशातून दोनशेची नोट काढलीत आणि ठेवलीत. काउंटरवरच्या मुलीनं मान वर करूनही बघितलं नाही, इतकं ते रोजचं झालं होतं. मग तुम्ही बाकावर बसून डायरीचं शेवटचं पान उघडलंत. पेन्सिलीनं आखलेला रकाना, वर लिहिलेलं 'कमी'. त्याखाली तारखा आणि आकडे. १००. ५०. २००. १००. असंच खालपर्यंत. सगळे मिळून अकराशे पन्नास रुपये. आमचं ॲप आल्यापासूनचे.

रद्द करायचं तर व्यवस्थापकाकडं अर्ज करावा लागतो, आणि इतकी वर्षं बिनचूक हिशेब देणाऱ्या माणसाला 'मला जमेना' असं लेखी द्यायला लाज वाटली, एवढंच तुमचं म्हणणं. मी त्या रात्री जेवले नाही. माझी चूक तुमच्या खिशातून भरली जात होती आणि तुमच्याच नावावर मांडली जात होती. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यात होतं.

बोट लागल्यावर एका सेकंदाच्या आत काहीतरी घडल्याचं दिसायला हवं, आणि दहा सेकंदांच्या पुढं माणसाचं लक्ष थांबत नाही, हे आमच्या विद्येतले अगदी पहिले धडे. आम्ही चकती ठेवली आणि सुटलो. ती चकती माणसाला काहीच सांगत नाही. आता बटण एकदा दाबलं की तिथंच बंद होतं. प्रत्येक नोंदीला फोनच एक क्रमांक देतो, त्यामुळं तीच नोंद दहा वेळा पोहोचली तरी संस्थेत एकदाच धरली जाते. रेंज नसेल तर 'फोनात नोंदलं' असं ठळक दिसतं, वर आल्यावर 'संस्थेत पोचलं' असं. दिवसाचा हिशेब बंद होईपर्यंत एजंटला स्वतःची नोंद दुरुस्त करता येते, अर्ज लागत नाही. संस्थेनं जुने लॉग, म्हणजे ॲपनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, तपासले, खातेदारांना विचारून दुहेरी नोंदी काढल्या आणि तुमचे पैसे परत केले. इतर चार एजंटांचेही निघाले. त्यांनी तर कुठं लिहूनही ठेवले नव्हते.

शब्दांचंही सांगायचं आहे. आपल्या गावात एकाच फेरीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी दारं लागतात. आम्ही प्रत्येक भाषेची शब्दसूची वेगळी करून घेतली होती, मराठीत 'ठेव स्वीकारा', कन्नडमध्ये तसंच काहीतरी जडशीळ. तुम्ही मात्र सगळ्या दारांत एकच शब्द वापरत होता. इथं "जमा झालं", तिथं "जमा आय्तु", पलीकडं "जमा हो गया". जमा, बाकी, खातं, रद्द. ज्याला जसा वळवायचा तसा तो वळवून घेतो, पण सगळ्यांना कळतो. आणि 'पावती' शब्दापाशी तुम्ही मला थांबवलंत. मराठी माणसाला पावती म्हणजे पैसे दिल्याचा कागद, कन्नड माणसाला पावती म्हणजे पैसे भरणं. "पैसे दिल्यावर 'पावती' दाखवलीस तर तो परत खिशात हात घालतो," असं म्हणालात. आता तिथं 'रसीद' आहे. कुठल्याही शब्दकोशात बघून हे मला सुचलं नसतं. या सीमाभागात शब्दांवरून काय काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं आहे, म्हणून तुम्ही इतक्या सहज सगळ्यांचे शब्द सांभाळता याचं मला जास्तच अप्रूप वाटलं.

शेवटचं एका खुणेचं. नवीन खातं उघडायच्या पानावर 'मुदत संपल्यावर रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळवावी' असा एक चौकोन होता, आणि त्यात आधीच बरोबरची खूण होती. संस्थेची तशी मागणीच होती, आणि मी ती मुकाट्यानं करून दिली होती. गणपत गल्लीत भाजी विकणाऱ्या मावशींचं खातं उघडताना तुम्ही चष्मा वर करून ते वाचलंत आणि मला विचारलंत, "ही खूण कुणी केली?" मावशी लेकीच्या फीसाठी पैसे साठवत होत्या. जूनमध्ये ते हातात हवे होते.

माणसाकडून नकळत नको ते करून घेणाऱ्या असल्या रचनांना यूएक्स डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढून त्यांचे १३ प्रकार नावानिशी सांगितले आणि ते मना केले. त्याच वर्षी झालेल्या डेटा संरक्षणाच्या कायद्यात, माहितीसाठी माणसाची संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी, असं आहे. हे सगळं घेऊन मी संचालकांपुढं गेले. कागद त्यांनी वाचले, पण त्यांच्या मनावर ठसली ती तुमचीच गोष्ट. खूण निघाली. आता चौकोन रिकामा असतो, आणि वळवायचं असेल तर खातेदार स्वतः खूण करतो. ज्या दिवशी मी ती खूण आधी करून ठेवली त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं. पुढच्या वेळी म्हणेन.

मामा, तुम्ही अकरा दिवस मला बरोबर घेतलंत, पावसात छत्री माझ्याकडं कलती केलीत, दर दारात "आमची पोरगी आहे" म्हणून सांगितलंत. मनापासून आभार. आणि ते शेवटचं पान मला बघू दिलंत, त्यासाठी तर किती आभार मानू कळत नाही.

ॲपमध्ये आता खाली 'काही चुकलं?' असं एक बटण आहे. ते दाबलं की माझं नाव येतं आणि माझा नंबर. सुरू झालं त्या सकाळी पहिला फोन तुमचाच आला. मी घाबरून विचारलं, काय झालं मामा? तुम्ही म्हणालात, "काय न्हाई गे. नाव येतंय काय बघितलो. येतंय."

तुमची,
वडगावची पोरगी