नंबर दिसतोय त्या व्हिडिओत

पुणे,
14 सप्टेंबर 2025

प्रिय वैजू,

आधी वाच, शिव्या नंतर घाल. गणपतीत फोन नाही, तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा, आणि मी केनियाहून परत आल्याचं तुला माईंकडून कळलं, सगळं मान्य. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, बी-ट्वेल्व्ह चालू आहे. संपलं प्रकृतीपुराण.

आता मुद्द्याचं. माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आला आहे आणि त्याचं काय करायचं ते मला आज रात्रीपर्यंत ठरवायचंय. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. प्रकाशला सांगितलं तर तो म्हणाला, "डिलीट कर आणि झोप." त्याचं सगळ्यावर हेच औषध.

झालं असं. मसाई मारात, तळेकच्या बाजूला, सकाळी चित्त्याची मादी दिसली. रेडिओवर 'डुमा, डुमा' सुरू झालं, म्हणजे चित्ता. आम्ही पोचेपर्यंत पंधरावीस गाड्या लागल्या होत्या, मंगल कार्यालयाबाहेर मुहूर्ताला लागतात तशा. मादी एका वारुळावर बसलेली, खाली गवतात पिल्लं. पाठीवरची ती राखाडी आयाळ अजून गळली नव्हती, म्हणजे अगदीच लहान. पलीकडं थॉमसन गॅझेलांचा कळप आणि तिचं सगळं लक्ष तिकडं. तुला काय सांगायचं, चित्ता सिंह-तरसांच्या वेळा टाळून उजेडी शिकार करतो. त्यामुळं तिची पोट भरायची वेळ आणि आपली फोटो काढायची वेळ नेमकी एकच.

तिथं नियम नाहीत असं नाही. एका जनावराजवळ एका वेळी पाच गाड्या, अंतर 25 मीटर, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी येण्याची वाट बघायची, दहा मिनिटं झाली की निघायचं, आणि रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही. आमचा ड्रायव्हर रस्त्यावरच थांबला होता, लांब. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या पत्रांचं तू जाहीर वाचन करतेस हे मला पक्कं ठाऊक आहे. (नंदूच्या साखरपुड्यात वाचलेलं मी विसरले नाही.)

आमच्या गाडीत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. अभयारण्याचं एका दिवसाचं शुल्क माणशी 200 डॉलर आहे हे त्यांनी नैरोबी सोडल्यापासून इतक्यांदा सांगितलं की ठाण्याच्या काकू शेवटी म्हणाल्या, "अहो, आम्हीही भरलेत." तर साहेब उठून उभे राहिले, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जरा आत घे, टिप डबल. ड्रायव्हर म्हणाला, नो सर, रेंजर. साहेब म्हणाले, कुठाय रेंजर? आणि खरंच नव्हता कुठं. मी म्हटलं, इथूनच दिसतंय की चांगलं, तिला शिकार करू द्या. त्यावर "मॅडम, तुम्ही पक्षी बघा" असं उत्तर मिळालं आणि गाडी हसली. काकूसुद्धा.

ड्रायव्हरनं आरशातून एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि गाडी गवतात घातली. एक शिरली म्हटल्यावर बाकीच्या कशाला थांबतात? दोन मिनिटांत मादीच्या दोन्ही अंगांना गाड्या. गॅझेलं केव्हाच पसार. ती वारुळावरून उतरली आणि गाड्यांच्या फटीतून निघाली, पिल्लं मागं. तेवढ्यात मला बारीक चिवचिव ऐकू आली, एकसारखी. मी पाखरं बघणारी बाई. मान वर करून झाडात शोधायला लागले. तिथं झाड होतं कुठं? एक पिल्लू अलीकडच्या बाजूला राहिलं होतं, आमच्या पुढच्या चाकापासून चारपाच हातांवर, आणि ते आईला हाक मारत होतं. चित्त्याची पिल्लं पाखरासारखी ओरडतात हे वाचलं होतं, ऐकलं तेव्हा. तोंड उघडायचं, सगळं अंग हलायचं, आणि आवाज एवढासा. साहेबांचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढत होता. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, मागं घे. त्यानं घेतली. पुढं पिल्लू आईला सापडलं का, ते मला बघायला मिळालं नाही, कारण आमच्या मागं आणखी गाड्या होत्या.

तूच मला 2018 साली तो मारातल्या चित्त्यांचा अभ्यास पाठवला होतास, आठवतं? जिथं पर्यटक कमी तिथं एका वेतातली सरासरी 2.3 पिल्लं मोठी होऊन आईपासून वेगळी होतात, आणि जिथं गाड्यांची झुंबड तिथं 0.2. तेव्हा मी तुला "बरं" एवढंच उत्तर पाठवलं होतं. त्या रात्री जेवणाच्या तंबूत साहेबांना हे आकडे सांगितले. ते म्हणाले, "0.2 पिल्लू म्हणजे काय, शेपूट?" सगळे पुन्हा हसले. मग अंताक्षरी झाली. 'ह' वर आमची गाडी अडली तेव्हा बाहेरून तरसानं गाणं म्हटलं. तेवढं मात्र झकास झालं.

आता व्हिडिओ. आमच्या दुसऱ्या गाडीत रोहन नावाचा मुलगा होता, सव्वीस-सत्तावीसचा, शिस्तीचा, तुझ्या वळणाचा. त्यानं हे सगळं त्यांच्या गाडीतून टिपलंय. आमची गाडी गवतात शिरताना, साहेब उभे, आणि मागची नंबरप्लेट वाचता येते इतकी स्वच्छ. साहेबांचं तोंड दिसत नाही, टोपी दिसते. रोहनला तो नारोक काउंटीला पाठवायचाय, अभयारण्य त्यांच्याकडं आहे म्हणून, आणि इन्स्टावरही टाकायचाय. सेरेंगेटीतला जुलैचा व्हिडिओ बघितला असशीलच, नदीकाठी माणसं गाड्यांतून उतरून विल्डबीस्टांची, त्या दाढीवाल्या मोठ्या हरणांची, नदीत उतरायची वाटच अडवून उभी होती. त्यावर केवढा गदारोळ झाला! रोहन म्हणतो, असंच झालं तरच बदलतं. आणि तक्रारीत प्रत्यक्ष त्या गाडीत बसलेली साक्षीदार म्हणून त्याला माझं नाव हवंय.

म्हणजे बघ वैजू, ताडोबाच्या मोहर्ली गेटचंच आलं पुन्हा.

तेव्हा तू त्या जिप्सीवाल्याची तक्रार केलीस, त्याचं गेट बंद झालं, आणि मी चंद्रपूर ते नागपूर तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की वाघिणीच्या आडवी गाडी घाल असं त्याला अरुणनं सांगितलं होतं, भोंगा लावून पक्षी बोलवणाऱ्या आपल्या अरुणनं, आणि अरुण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटनं आत गेला. तुझं म्हणणं, वाघिणीला अरुण कळत नाही, तिला गाडी कळते. मला आजही तू अर्धीच बरोबर वाटतेस. पण अर्धी बरोबर वाटतेस हेच छळतंय, कारण त्या पिल्लालाही साहेब कळत नव्हते.

उमरेड-करांडल्याचं बघ ना. 2024 च्या 31 डिसेंबरला त्या वाघिणीची आणि पाच बछड्यांची गाड्यांनी कोंडी केली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चांगलंच झालं. पण निलंबन आणि दंड ड्रायव्हर-गाइडांच्या वाट्याला. मागच्या सीटवर उभं राहून 'और आगे लो भैया' म्हणणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुझ्या लक्षात आहे?

निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरशी बोलले. गाडी धूत होता. मी विचारलं, का घातलीस आत? तो चिडला नाही. म्हणाला, नाही म्हटलं तर क्लायंट कंपनीला सांगतो, ड्रायव्हरनं काही दाखवलं नाही. मग पुढची फेरी दुसऱ्याला. हो म्हटलं आणि रेंजरनं पकडलं तर दंड मी भरतो, क्लायंट नाही. जुलै ते ऑक्टोबर कमवायचं आणि त्यावर वर्ष ढकलायचं. मुलगी नारोकला वसतिगृहात आहे. मग मलाच विचारलं, मॅडम, तुम्ही त्या जागी काय केलं असतं? मी पोळी-भाजीच्या डब्याची बाई, पेन्शनवाली. काय सांगणार? त्याला सांगितलं, निदान डबल टिप तरी वसूल कर. तर कळलं, साहेबांनी सिंगलच दिली. नदी पार करताना विल्डबीस्ट दिसले नाहीत म्हणून.

मला वाटतं सगळी मेख ह्या टिपेतच आहे. जनावर जितकं जवळ तितकं पाकीट जाड, हे जोवर आहे तोवर 25 मीटर कोण मोजतो? म्हणून आमच्या आयोजकाला मी लिहिलं की टिप पुण्यातच सगळ्यांकडून सारखी गोळा करा, पाकीट बंद करा आणि पहिल्या दिवशीच ड्रायव्हरच्या हातात द्या. चित्ता दिसो, न दिसो. शिवाय निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये थर्मलवेअर आणि ठेपल्यांवर तासभर जातो, त्यातली दहा मिनिटं मला द्या, नियम मी सांगते. त्यांचं उत्तर आलं: टिप ही उत्स्फूर्त असते, आणि नियम सांगून लोकांचा मूड जातो.

आणि त्याच उत्तरात खाली काय असावं? पुढच्या ऑगस्टला 'पक्षीतज्ज्ञ' म्हणून या, विमानभाडं आमचं! हसू नकोस. मला जायचंय गं. सेक्रेटरी बर्ड एकदाच दिसला, तोही पाठमोरा.

मी पर्यायही सुचवला. अभयारण्याला लागून नाबोइशो, मारा नॉर्थ अशी कन्झर्व्हन्सी आहेत. जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात, तंबू मोजके आणि त्यामुळं गाड्याही मोजक्या. महाग आहे, खोटं कशाला बोलू. आणि नदी पार करण्याचा तो तमाशा तिथं नाही, तो अभयारण्यात. आयोजक म्हणतात, मग आपली माणसं येणारच नाहीत, त्यांना मगरी हव्यात. बरं, मग फेब्रुवारीत न्या म्हटलं. शुल्क निम्मं, 100 डॉलर, गर्दी नाही, चित्ते काय बारा महिने तिथंच असतात. तर फेब्रुवारीत मुलांच्या शाळा. आमच्या ग्रुपमध्ये शाळेत जाणारं कोण होतं ते मला अजून आठवतंय!

घरबसल्या तू म्हणशील, जाऊच नका ना कुणी. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. आपण गेलो नाही तर त्या जमिनीवर गहू येईल, कुंपणं येतील. भाड्याचा पैसा आहे म्हणून मसाई कुटुंबं जमीन मोकळी ठेवताहेत. तुझ्या वेळासलाच बघ, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावात राहतात, जेवतात, म्हणून अंडी टिकली. पण तिथं दोरी बांधलेली असते आणि दोरीच्या आत कुणाचा साहेब जात नाही. मारात दोरी कुणी बांधायची? ड्रायव्हरनं? त्यालाच तर आपण खांद्यावर हात ठेवून दोरी उचलायला लावतो.

तर आत्तापर्यंत माझं जे ठरलंय ते असं. ऑगस्टची ऑफर नाही घेत. टिपेचं पाकीट आणि ती दहा मिनिटं मान्य केली तर पुन्हा बोलू. रोहनला सांगणार की नंबरप्लेट झाकून व्हिडिओ खुशाल टाक, आणि तक्रार लिहायचीच तर आयोजकाविरुद्ध लिही, तिथल्या ट्रॅव्हल कंपनीविरुद्ध लिही. खाली माझं पूर्ण नाव घाल, फोनसुद्धा. साहेब माझ्याशी बोलणार नाहीत, ते बोनस. रोहनला हे मिळमिळीत वाटणार. "काकू, गाडी त्यानंच चालवली ना?" असं तो कालच म्हणाला, आणि माझ्याकडं त्यावर ठोक उत्तर नाही. उद्या तोच ड्रायव्हर दुसऱ्या साहेबासाठी दुसऱ्या पिल्लावर गाडी घालेल, हे काय मला कळत नाही? कळतं. तरी नंबर माझ्या हातून जाणार नाही. तू असतीस तर एव्हाना पाठवून मोकळी झाली असतीस, आणि कदाचित ते चित्त्यांच्या जास्त फायद्याचं झालं असतं. यावर मला तुझ्याकडून नीट, मुद्देसूद भांडण हवंय. मोहर्लीसारखं तोंड फिरवून बसायचं नाही, दोघींनीही.

तुझं सगळं विचारायचं राहिलंच. स्नेहाला कितवा लागला? ओकाऱ्या थांबल्या का? तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं झालं का, की अजून "एकानं दिसतंय की" चालूच आहे? घरावरचे पत्रे बदललेस म्हणे, बरं झालं. दापोलीच्या जागेचं काय झालं ते फोनवर सांग, पत्रात नको, माझी पत्रंही प्रकाश वाचतो.

रात्री साडेनवाला रोहनचा फोन येणार आहे. पत्राचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतेय, मूळ कागद पोस्टानं येईल. त्याआधी वाचलंस तर कर फोन. सात ते आठ नको, कुकर आणि प्रकाशच्या बातम्या, दोन्हींच्या शिट्ट्या असतात.

तुझी,
निमा

ता. क. तुझ्यासाठी केनियाचा चहा आणलाय. अर्धा किलो. अरुणला पाव.