काळ्या कव्हरचा आल्बम

मिरज, रविवार

चि. सई हीस अनेक आशीर्वाद.

तू लिंक पाठवलेला 'प्लँक्स्टी' या आयरिश बँडचा तो काळ्या कव्हरचा आल्बम ऐकला. एकदा नव्हे, चारदा. चौथ्यांदा तुझी आई म्हणाली, "आता एक तर हे बंद करा, नाहीतर लेकीकडे डब्लिनला जा!"

१९७३ चा आल्बम, म्हणजे मी तेव्हा शाळेत. माणसं चारच: क्रिस्टी मूर, अँडी अर्व्हाइन, डॉनल लनी आणि पाइपवाले लिअम ओफ्लिन. मी त्या पाइपवरच अडकलोय. तोंडाने फुंकायचाच नाही! व्हिडिओ शोधून पाहिला. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, बोटं सुरांवर, आणि मांडीवर आडव्या पडलेल्या नळ्यांपैकी तीन एकच षड्ज तीन सप्तकांत धरून बसलेल्या. 'इलन' म्हणजे आयरिश भाषेत कोपर, त्यावरून वाद्याचं नाव 'इलन पाइप्स'. बाकी काही कळो न कळो, मिरजेच्या माणसाला तंबोरा कुठेही ओळखू येतो.

पहिल्या गाण्यात मोठ्या घरची बाई नवरा आणि पिसांची गादी सोडून जिप्सींमागे निघून जाते. मूर यांच्याकडे ते आलं जॉन रायली या भटक्या समाजातल्या गायकाकडून. गाणं संपतं, पण वाद्यं थांबत नाहीत. लय हळूहळू खाली येते आणि त्याच ओघात सतराव्या शतकातल्या एका अंध हार्पवादकाची धून सुरू होते. तिचं नाव 'तुझा हात दे'. तिथे पाइप चढतो ना, तेव्हा चहा गार झाला माझा.

मग मी वही घेऊन बसलो. प्रत्येक गाण्यापुढे 'जुनं' किंवा 'नवं' लिहायचं आणि नंतर ताडून पाहायचं. 'वेस्ट कोस्ट ऑफ क्लेअर'पुढे मी ठामपणे लिहिलं, 'जुनं, बहुतेक कोळ्यांचं'. निघालं अर्व्हाइन यांचं स्वतःचं! तेव्हा गडी जेमतेम तिशीचा. 'ओन्ली अवर रिव्हर्स'लाही फसलो. तेही त्यांच्याच काळातल्या मिकी मॅककॉनेल यांचं. आणि बुझुकी नावाच्या ज्या तंतुवाद्यावर एवढं सगळं तोललेलं आहे, ती मुळात ग्रीसची, आयरिश संगीतात १९६० च्या दशकात शिरलेली. तशी आमची पेटी तरी कुठे इथली?

गेल्या गणपतीत तू तुकोबांच्या अभंगाला स्वतः चाल लावून पाठवली होतीस. मी दोन ओळी ऐकून बंद केली आणि 'चांगली चाल का बिघडवतेस' असं लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस. फोन बदलला त्यात ती गेली. परत पाठव. या वेळी शेवटपर्यंत ऐकेन. सूर कोणता धरला आहेस तेही कळव, म्हणजे पेटीवर बसवून बघतो. काळी दोन असेल तर बरं, पांढरी चारचा माझा सूर हल्ली भात्यातच बसतो.

मेतकूट पोचलं का? आई विचारतेय.

तुझे बाबा