घराला मुलाचे नाव लावण्याआधी

महोदय,
प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, कटकट नको म्हणून घराच्या दस्तात एका मुलाचे नाव सहमालक म्हणून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो महागात पडू शकतो. नाव लागले की मुलाला हिस्सा आजच मिळतो, आपल्या पश्चात नव्हे. मग घर विकायला त्याची सही लागते. त्याचे कर्ज थकले तर त्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते, घटस्फोटाच्या दाव्यातही तो हिस्सा ओढला जाऊ शकतो. मन बदलले तरी त्याच्या संमतीशिवाय नाव निघत नाही.

खरी फसगत दस्तातल्या एका ओळीत असते. ‘हयात राहील त्याची संपूर्ण मालकी’ असे लिहिले असेल, तर मृत्युपत्रात सगळ्या मुलांना समान वाटा देऊनही घर त्या एकाचेच होते; आणि तोच आधी गेला, तर त्याच्या बायकामुलांना त्या घरात काही नाही. ‘प्रत्येकी निम्मा हिस्सा’ असेल, तर आपला निम्मा पुन्हा प्रोबेटच्याच वाटेने जाऊ शकतो, म्हणजे सगळा खटाटोप फुकट! सही करण्याआधी दस्त आणि मृत्युपत्र शेजारी ठेवून वकिलाकडून वाचून घ्यावेत. दानावरचा कर आणि मुद्रांक शुल्कही तेव्हाच विचारावे.

– एक वाचक