आईच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आयोजित केलेला आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस होऊन आज ९ दिवस झाले. त्या रात्री निरोप घेताना मी तुमचे आभार मानायला पुढे आले आणि मला एक वाक्यही धड पूर्ण करता आले नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. तेव्हा जे बोलायचे राहिले ते आता लिहीत आहे. उघड पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्यांच्या घरी ऐकू कमी येणारे कोणी आहे आणि जे त्या माणसासाठी समारंभ करण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यापर्यंतही हे पोहोचावे.

तुमच्याकडे येण्याआधी आमच्या वाट्याला काय आले होते, ते तुम्हाला मी अर्धवटच सांगितले होते. ५ वर्षांपूर्वी आईच्या सत्तराव्या वाढदिवसाची सगळी व्यवस्था आम्ही एका व्यावसायिक आयोजकाकडे सोपवली होती. सजावट देखणी होती, पाहुणे भरपूर होते, कोणत्याही गोष्टीत खोट काढायला जागा नव्हती. आणि त्या भरलेल्या सभागृहात माझी आई ३ तास एकटी होती. तिचे आसन मधोमध, सर्वांना दिसेल असे मांडले होते आणि ध्वनिक्षेपक बरोबर तिच्या पाठीमागे होता. आवाज थोडा कमी करा, अशी विनंती मी तीनदा केली. आवाज उतरला की समारंभाचा रंग उतरतो, असे उत्तर मला तीनही वेळा मिळाले. लोक येत, वाकून काहीतरी बोलत, आई हसून मान डोलावे आणि ते पुढे जात. थोड्या वेळाने तिने कानातले यंत्र काढले, रुमालात गुंडाळले आणि पर्समध्ये ठेवून दिले. ‘त्यांना कुठे काय ऐकू येते, बसल्या आहेत निवांत’, असे आमच्याच नात्यातील एका व्यक्तीने माझ्यासमोर म्हटले आणि पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेली मी त्यावर काहीच बोलले नाही. ते मौन मला आजही टोचते.

त्यानंतर आईने कुठल्याही समारंभाला जाणे बंद केले. कारण विचारले की ती गुडघ्यांचे नाव सांगे.

या वर्षी मी पुन्हा प्रयत्न करायचे ठरवले, तेव्हा तुमच्याआधी आणखी दोघांशी बोलले होते. एकाने आईंना अगदी पुढे, म्हणजे पुन्हा ध्वनिक्षेपकाजवळच, बसवू असे सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे होते, की सुरुवातीलाच त्यांचा सत्कार उरकावा आणि त्यांना घरी पोहोचवावे, म्हणजे बाकीच्यांना मोकळेपणाने मजा करता येईल. ज्या माणसाचा वाढदिवस, त्यालाच लवकर घरी पाठवण्याची ही सूचना त्यांनी अत्यंत सहजपणे केली, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आणि मग तुमच्याशी बोलणे झाले. पाहुणे किती, खर्चाची मर्यादा किती, हे प्रश्न तुम्ही नंतर विचारलेत. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘आईंना कोणत्या कानाने जास्त ऐकू येते?’ मला उत्तर माहीत नव्हते. इतकी वर्षे एका घरात राहून, रोज तिच्याशी मोठ्या आवाजात बोलून, हे तिला विचारावे असे मला कधी सुचले नव्हते. फोन तसाच हातात धरून मी आईच्या खोलीत गेले आणि विचारले. ‘उजव्या,’ असे ती म्हणाली आणि मग जरा थांबून तिने विचारले, ‘कोण विचारते आहे?’

जागा लहान निवडणे, पाहुणे ६० वरून २८ वर आणणे, पडदे आणि जाड टेबलक्लॉथ वापरून आवाजाचे घुमणे कमी करणे, तयार पदार्थ २ तासांहून अधिक काळ तसेच बाहेर न ठेवणे, हे सगळे तुम्ही नीट सांभाळलेत. त्याचे श्रेय तुमच्या कौशल्याला आहे आणि त्याबद्दल तुमची स्तुती करणारे अनेकजण असतील. मला मात्र सांगायचे आहे ते त्या एका खुर्चीबद्दल.

आईला तुम्ही भिंतीला पाठ करून बसवलेत, समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बेताने. आणि तिच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, किंचित तिच्याकडे वळवलेली एक खुर्ची ठेवलीत. ती कोणाचीच नव्हती. आलेल्या माणसाने तिथे बसायचे, आईशी बोलायचे आणि उठताना ती पुढच्यासाठी रिकामी करायची. कसलीही सूचना लिहिलेली नव्हती, घोषणाही झाली नाही. पहिल्या पाहुण्यांना तुम्ही स्वतः तिथपर्यंत घेऊन गेलात आणि बाकीच्यांना आपोआप कळले. मध्ये दोनदा कोणीतरी जागा कमी पडते म्हणून ती खुर्ची दुसऱ्या टेबलाकडे ओढून नेली. दोन्ही वेळा तुम्ही, हातातले काम बाजूला ठेवून, दुसरी खुर्ची त्यांना दिलीत आणि ती जागच्या जागी आणून ठेवलीत. दुसऱ्या वेळी तिचा कोन बिघडला होता, तोही तुम्ही नीट केलात. मी दारात उभी राहून पाहत होते आणि माझे डोळे भरून आले.

या खुर्चीने काय केले ते मला नंतर वाचताना उमगले. वाढत्या वयातील बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने विरून जातात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून आई ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ असे म्हणते आणि आम्ही तिला नीट लक्ष दे असे सांगत आलो. गर्दीतल्या अनेक आवाजांतून एकाच माणसाचे बोलणे आपण कसे वेचतो, याचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडला. ते वेचणेच ऐकू कमी येणाऱ्याला सर्वांत जड जाते आणि कानातले यंत्र हव्या आवाजाबरोबर नको तो आवाजही वाढवते. त्यात भर म्हणजे भोवती गोंगाट असला की प्रत्येकजण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले होते. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला की २०० माणसे ओरडून बोलू लागतात, ती यामुळे. यावर सर्वांत साधा उपाय अंतर कमी करण्याचा आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढून पोहोचतो, म्हणजे २ मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलेल्या माणसाला ओरडावेच लागत नाही.

पण ताई, हे गणित माहीत असणारे पुष्कळ असतील. ती खुर्ची दोनदा परत आणून ठेवावी असे वाटणारे किती असतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांची श्रवणशक्ती दैनंदिन जगण्यात अडचण यावी इतकी कमी झालेली असते. म्हणजे ज्येष्ठांच्या कोणत्याही समारंभात असा माणूस बहुधा असतोच, आणि आपण त्याला हार घालून, फोटो काढून, हसत ठेवून एकटे सोडतो. दुसऱ्याचे न दिसणारे कष्ट पाहणे आणि त्याचा गाजावाजा न करता जागा करून देणे, याला मी सभ्यता म्हणते. ती मोठ्या मनाच्या माणसांकडे असते असे ऐकत आले होते, पण कामाच्या धांदलीत, घामाघूम झालेल्या माणसाकडे ती इतकी शाबूत असलेली मी प्रथमच पाहिली.

त्या रात्री घरी परतताना गाडीत आई बोलत होती. तिच्या जुन्या सहकारी बाईंच्या मुलीने नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले आहे, माझ्या मावसभावाची शस्त्रक्रिया ठरली आहे, शेजारच्या मुलाला परीक्षेची भीती वाटते पण तो घरी सांगत नाही, अशा कितीतरी गोष्टी. यातली एकही मला ठाऊक नव्हती. आजवर बाहेरच्या बातम्या मीच तिला कानाशी ओरडून, बऱ्याच गाळून सांगत असे. त्या रात्री तीच मला सांगत होती आणि मी ऐकत होते. घराचे कुलूप उघडले तेव्हाही यंत्र तिच्या कानातच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आमच्या जेवणाच्या टेबलापाशी, आपल्या उजव्या बाजूला, एक खुर्ची ओढून घेतली. कोन तिने स्वतःच ठरवला. आता तिथे आम्ही पाळीपाळीने बसतो. पुढच्या महिन्यात तिला घरी चार मैत्रिणींना बोलवायचे आहे. चारच, कारण त्याहून जास्त झाल्या तर एकमेकींचे ऐकू येणार नाही, असे ती म्हणते. त्या दिवशी तुम्हीही यावे, कामासाठी नव्हे, अशी तिची इच्छा आहे. आधी तुम्ही त्या खुर्चीवर बसायचे आणि मग मैत्रिणी, हे तिने मला दोनदा बजावून सांगितले आहे.

तुमची सदैव ऋणी,
आईची मुलगी