लायसन्स धुतलं गेलं, त्यानंतरचे आभार

पँटच्या खिशातलं लायसन्स वॉशिंग मशीनमधून बाहेर आलं, तेव्हा फोटोत माझा फक्त एक कान उरला होता. प्लास्टिकचा पापुद्रा सुटलेला, नंबरातले शेवटचे दोन आकडे पुसट.

आरटीओच्या रांगेत मी दुय्यम प्रतीच्या अर्जावर 'हरवलं' असं लिहायला घेतलं होतं. (सोपं वाटलं, दुसरं काय!) पुढे उभ्या असलेल्या काकू वळून म्हणाल्या, "अहो, तुकडा खिशात आहे ना? मग 'खराब झालं' लिहा आणि तोच जोडा. हरवलं म्हणालात तर पोलिसांत तक्रार दिल्याचा कागद मागतील." काकू, तुमच्यामुळे माझा एक हेलपाटा वाचला, आणि एक खोटंही.

खिडकीपलीकडच्या मॅडमनी तर कमालच केली. कार्ड दिव्याखाली तिरकं धरून, नखाने रेघ ओढत, ते दोन आकडे वाचले. वर हेही सांगितलं, की दुय्यम प्रतीवर नंबर जुनाच राहतो आणि मुदतही जुनीच. मुदत संपत आली असेल तर सरळ नूतनीकरणच करावं. माझी बरीच शिल्लक होती, म्हणून प्रतच घेतली. जुनं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं.

सहीसाठी स्वतःचं पेन देऊन निघून गेलेल्या मुला, तुझे आभार मानायचे राहिले. पेन अजून माझ्याकडेच आहे. निळं, टोपण चावलेलं.