कार्टूनचा दुसरा भाग आणि जुनी गिऱ्हाइकं

महोदय,

कार्टूनपटाचा पुढचा भाग उशिरा आला की ‘आता कोण बघणार?’ हा प्रश्न ठरलेला. माझ्या घरचा अनुभव उलटा आहे. २००४ मध्ये ‘द इन्क्रेडिबल्स’ हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ या नावाने आला. शाहरुख खानचा आवाज म्हणून मी सात वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. मध्यंतरानंतर तिचे पॉपकॉर्न सांडले आणि पुढची दहा मिनिटं ती खुर्चीखालीच होती. २०१८ ला दुसरा भाग आला तेव्हा तिकिटं तिने काढली, पहिल्या पगारातून! ‘बाबा, ती दहा मिनिटं बघायची राहिलीत,’ म्हणाली. (ती पहिल्या भागात होती, पण असो.)

तो भाग जगभरात १२० कोटी डॉलरच्या वर गेला. ‘इनसाइड आऊट’चा दुसरा भाग नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये आला आणि १६० कोटींच्या पुढे. लहानपणीची गिऱ्हाइकं आता कमावती झालीत. नुसत्या जुन्या नावावर मात्र भागत नाही. ‘टॉय स्टोरी’तल्या बझ लाइटइयरच्या नावावर काढलेला २०२२ चा ‘लाइटइयर’ आपटलाच. ‘श्रेक’चा चौथा भाग २०१० चा. पाचव्याला गर्दी होणार, माझी पैज. फक्त आमच्याकडे हिंदी खेळ सकाळी नऊलाच लावू नका.

– एक वाचक, सातारा